मोरीतलं लाल पाणी

डॉक्टरांनी विचारलं, “लहानपणी लोह काढायचं औषध नियमित दिलं होतं ना?”

मी म्हणाले, “दिलं. एक दिवस चुकला नाही.”

तू तीन उशांना टेकून बसली होतीस, कारण आडवं झालं की तुला श्वास पुरत नव्हता. पाय इतके सुजले होते की दादाने घरून आणलेली त्याची स्वतःची चप्पलसुद्धा तुला होईना. तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मग डॉक्टरांना म्हणालीस, “हो सर. आई लय काटेकोर होती त्या बाबतीत.”

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

रूपे, मी आयुष्यात बरंच खोटं बोलले आहे. सासूशी बोलले, शेजारणींशी बोलले, शाळेच्या बाईंशी बोलले. पण माझं खोटं दुसऱ्या कुणी खरं करून दिलं, असं एकदाच झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेरावं झाल्यावर तुझ्या रक्तपेढीतल्या दोन मुली घरी आल्या. रक्तदान करणाऱ्यांसाठी ते लोक एक पुस्तिका काढतात, त्यात तुझ्यावर चार पानं द्यायची आहेत म्हणाल्या. “काकू, तुम्ही तिला किती कष्टानं वाढवलंत ते लिहा. बाकीच्या आयांना आधार होईल.” मी म्हटलं, मी चौथी पास, मला कुठलं लिहिता येतंय. त्या म्हणाल्या, तुमच्या शब्दांत लिहा. तर माझ्या शब्दांत लिहिते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

तू किती गुणी होतीस ते मी लिहिणार नाही. ते श्रद्धांजलीत सगळ्यांनी सांगून झालं. तू हट्टी होतीस, उलट बोलायचीस आणि ओला टॉवेल पलंगावर टाकायचीस. मला जे लिहायचं आहे ते वेगळं आहे आणि ते तुलाच सांगायचं आहे. जिवंत असताना सांगायला हवं होतं.

दादानंतर बारा वर्षांनी तू झालीस. आठ महिन्यांची असताना पांढरी पडायला लागलीस. दूध पिताना दमायचीस. शेजारीपाजारी म्हणाले, दृष्ट लागली. नाशिकरोडच्या डॉक्टरांनी शहरात पाठवलं, तिथे तुझं रक्त तपासलं, मग माझं आणि तुझ्या अण्णांचं. थॅलेसेमिया हा शब्द मला तेव्हा म्हणता येईना, अण्णांनी तो पाकिटावर लिहून घेतला. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात लाल पेशी तयार होतात, पण कच्च्या, लवकर फुटतात. दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवावं लागेल.

मी विचारलं, “किती दिवस?”

ते म्हणाले, “जन्मभर.”

आम्हा दोघांच्या रक्तात एकेक दोष निघाला. एकेरी असला की माणसाला काही होत नाही, थोडं फिकट दिसतं एवढंच. तुला दोन्हीकडून आला.

मग आपलं आयुष्य एकवीस-एकवीस दिवसांचं झालं. एकलहऱ्याच्या कॉलनीतून सकाळची बस, दवाखान्यात रांग, तुझ्या बारक्या हाताची शीर सापडेपर्यंत टोचणं, मग थेंब थेंब दुपारपर्यंत. पिशवी फ्रिजमधली, गार. ती तुझ्या अंगात तशीच जाणार म्हणून मला कसंतरी व्हायचं. मी ती पदराखाली काखेत धरून बसायचे. एक केरळची सिस्टर होती, आठवते? तिने एकदा पाहिलं.

“मावशी, अंडं उबवतेस काय? पिल्लू निघेल बाहेर! इकडे दे.”

तिने ती काढून घेतली. रक्त असं उबवलं तर खराब होतं, बाहेर थोडा वेळ ठेवलं की पुरतं, हे तिने मला दोनदा समजावलं. मी तिच्या पाठीमागे तिसऱ्यांदा काखेत धरली. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. दुसऱ्याचं ऐकून घेते आणि माझंच करते.

तू सात वर्षांची झालीस तेव्हा कॅप्सूल सुरू झाल्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. डॉक्टर म्हणाले, “चढवलेल्या रक्ताबरोबर लोह अंगात येतं आणि साठत जातं. हृदयात साठतं, लिव्हरमध्ये साठतं. ते काढायला हे औषध आहे. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. ते लोह आहे, रक्त नाही.” मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

दोन-तीन दिवसांनी तू मोरीत बसलीस, मी तांब्या घेऊन उभी होते. फरशीवरून लाल पाणी वाहत जाळीत गेलं. मी बघत राहिले. एवढी बस, एवढी रांग, पोरीच्या हाताची चाळण, कुणा परक्या माणसाने दिलेलं रक्त, आणि ते मोरीत सोडायचं? डॉक्टर शिकलेला असेल, पण त्याने मोरी धुतली नव्हती. मी धुतली होती. मला वाटलं, मला जास्त कळतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तुला तीनऐवजी एक कॅप्सूल दिली. पाण्याचा रंग उतरला. मला बरं वाटलं.

हे मी सात वर्षं केलं.

दवाखान्याची तारीख जवळ आली की दोन दिवस तिन्ही वेळा द्यायचे. डॉक्टर तुला विचारायचे, “लघवी लाल होते का गं?” तू खरं तेच सांगायचीस, “होते.” तुझ्या तोंडून माझं खोटं मी तेव्हाही वदवून घेतलंच होतं म्हणायचं. औषधाचा दुकानदार एकदा म्हणाला, “मावशी, ही डबी महिन्यात संपाय पायजे. तुम्ही तर तिसऱ्या महिन्यात येता.” मी म्हटलं, आम्ही शहरातूनपण घेतो. तपासणीत लोह चढलेलं दिसायचं, डॉक्टर गोंधळायचे, तीनच्या चार करायचे, चारच्या पाच. मी हो म्हणायचे आणि एक द्यायचे, फार तर दोन. कागदावर तुझं औषध वाढत गेलं. तुझ्या पोटात तेवढंच जात राहिलं.

अण्णांनी एकदा मला सरळ सांगायचा प्रयत्न केला. ते पॉवर स्टेशनात राखेच्या विभागात होते, तुला माहीत आहे, कान-नाक सगळं करडं घेऊन घरी यायचे. म्हणाले, “अगं, कोळसा येतो ते साऱ्यांना दिसतं. राख कुठं जाते ते कोणी इचारत नाय. राख काढली नाय ना, तर बॉयलर बसतो. पोरीचं तसंच हाय.”

मी म्हटलं, “तुमच्या राखेचं मला सांगू नका. पोरगी हाय ती, बॉयलर नाय.”

ते भाकरी कुस्करायला लागले. त्यांना वाटलं, मी चिडचिड करते पण औषध देते. मी औषध देत नाही हे त्या माणसाला मरेपर्यंत कळलं नाही.

आणि एका हाताने लोह काढायचं औषध दाबून ठेवत होते, तर दुसऱ्या हाताने मी तुला लोह भरवत होते. निफाडच्या मामाने पाठवलेले काळे मनुके रात्रभर लोखंडी वाटीत भिजवायचे. हिवाळ्यात अळिवाचे लाडू. खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे. भाजी लोखंडी कढईतच करायची, पार काळी होईपर्यंत. ज्याला त्याला मी सांगायचे, माझ्या रूपीला रक्त कमी, मी कसर सोडत नाही. बायका माझं कौतुक करायच्या.

तू मोठी झालीस आणि ती कढई भंगारवाल्याला देऊन आलीस. मी मागे जाऊन ती परत घेऊन आले. भंगारवाला हसत होता. तू दारात उभी.

“आई, तुला मी पायजे का कढई?”

“दोन्ही पायजे.”

त्यावर तू हसलीस म्हणून मला वाटलं, मी जिंकले.

चहावरून तर आपलं रोज व्हायचं. तू जेवताना शेजारी चहाचा कप घेऊन बसायचीस. पिठलं-भाकरीवर चहा! मला बघवायचं नाही.

“जेवणावर चहा पिऊ नको गं. रक्त जळतं.”

“जळत नाय. चहा जेवणातलं लोह अडवतो, अंगात जाऊ देत नाय. डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“डॉक्टरच्या घरी पितात का जेवणावर चहा?”

“त्यांच्या घरी माझ्यासारखी पोरगी नाय आणि तुझ्यासारखी आई नाय. अर्धा कप दे अजून.”

नववीत असताना दवाखान्यात तुझ्यासारख्या मुलांचं शिबिर झालं. घरी आलीस ती कपाटातून डबी काढून दप्तरात ठेवलीस. “आजपासून माझं औषध मी घेणार.” मी नको म्हणायला काही कारण नव्हतं. चार दिवसांनी मोरीत पुन्हा तेच लाल पाणी, पहिल्यापेक्षाही गडद. मी दारातूनच ओरडले, “रूपे, बंद कर ते औषध! रक्त चाललंय सगळं!”

तू माझा हात धरून मला आत ओढलंस. “आई, तू जन्मभर आमचे कपडे धुतलेस. रक्ताचा डाग कसा असतो? वाळला की काळा पडतो, चिकटतो, साबणाला दाद देत नाय. हे बघ.” तू एक तांब्या पाणी ओतलंस. फरशी पांढरी झाली. “कुठं चिकटलंय? कुठं गोठलंय? आपली जुनी लोखंडी बादली होती ना, तिच्यातलं पाणी असंच यायचं. गंज हाय हा, आई. माझ्या आत गंज साठलाय.”

मी फरशीवर हात फिरवला. डाग नव्हता. मी चाळीस वर्षं कपडे धुतले होते, बाळंतपणाचे धुतले होते, तुझ्या रक्ताळलेल्या बाह्या धुतल्या होत्या. रक्त कसं असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सात वर्षं रोज ते पाणी पाहिलं आणि एकदाही वाकून हात लावला नाही. पुढच्या तारखेला तुझं रक्त तपासलं तर जेवढं असायचं तेवढंच होतं. एक थेंब कमी झाला नव्हता.

त्या दिवशी मला सगळं कळलं. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी बसमध्ये तुझ्या शेजारी बसून आले आणि घरी येऊन कणीक मळली.

अडाणी होते म्हणून चुकले, हे लोक मला माफ करतील. पण अडाणीपणा त्या दिवशी संपला होता. त्यानंतरची सगळी वर्षं मी जाणून गप्प बसले आणि त्याला कुठलंही नाव नाही.

तू बारावीनंतर लॅबचा कोर्स केलास आणि रक्तपेढीतच नोकरी धरलीस. मी म्हटलं, आधीच रक्तात जन्म चाललाय, दुसरं काही कर. तू म्हणालीस, “ज्या दुकानाचं जन्मभर खाल्लं, तिथं कामाला नको का जायला?” पहिल्या महिन्यातच मला बघायला घेऊन गेलीस. पांढरा कोट घालून तू इकडेतिकडे फिरत होतीस आणि लोक तुला मॅडम म्हणत होते. मला हसू आलं.

कपडे धुवायच्या मशीनसारखं एक मोठं यंत्र होतं. त्यात रक्ताच्या पिशव्या फिरवतात. बाहेर काढलेली पिशवी तू माझ्यासमोर धरलीस. खाली गडद लाल, वर पिवळं पाणी आणि दोन्हींच्या मध्ये पांढुरकी पातळ साय.

“हे सगळं एकाच माणसाचं?” मी विचारलं.

“एकाच माणसाचं. आता हे तिघांना जाणार.”

मग तू मला शिकवलंस. माझ्यासारखीला शिकवताना तू कधी आवाज चढवला नाहीस, तेवढं मात्र खरं. लाल पेशी हमाल आहेत, छातीतून हवा उचलतात, अंगभर पोचवतात आणि जळालेली हवा परत आणून टाकतात. त्यांच्यात लोह असतं, ते हवेला धरून ठेवतं, म्हणून रंग लाल. पिवळं पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, अन्न, मीठ, औषध सगळं त्यातून वाहतं, आणि रक्त गोठवणारे पदार्थही त्यातच. भाजलेल्या माणसाला ते लागतं. ते गोठवून वर्षभर ठेवता येतं. सायीत दोन जाती. पांढऱ्या पेशी राखण करतात, बाहेरचा जंतू आला की त्याच्यावर तुटून पडतात. दुसरे बारके तुकडे, प्लेटलेट, कुठे कापलं की धावत जाऊन भोक बुजवतात. डेंगीवाल्यांचे हेच कमी होतात. ते जेमतेम पाच दिवस टिकतात, तेही सारखे हलवत ठेवावे लागतात. एका कपाटात ते पाळण्यासारखे हलत होते.

“आणि तुला काय देतात?”

“मला फक्त हमाल,” तू म्हणालीस. “दुसऱ्यांचे. पेशी तीन-चार महिने जगते, मग फुटते. चांगल्या माणसाचं अंग तिचं लोह परत वापरतं. माझ्या अंगात नवं बाहेरूनच येत राहतं आणि लोह टाकायला अंगाला दारच नाय. म्हणून ते औषध. औषध म्हणजे दार.”

दार. मी ते सात वर्षं लावून ठेवलं होतं. त्या खोलीत तू आणि मी दोघीच होतो. कपाटाचा हलण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, “इथं लय गार वाटतंय, चल बाहेर.”

त्याच दिवशी मी हट्टाने रक्त द्यायला बसले होते. तू बोट टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडलास. चांगलं रक्त असेल तर थेंब बुडतो म्हणालीस. माझा थेंब वरच तरंगत राहिला.

“आई, नापास!”

“चौथीत तर पास झाले होते.”

“ह्यात नाय. तुझ्यात एकेरी हाय ना, तुझं पातळच राहणार. घरी जा, भाकरी खा.” तू पोट धरून हसत होतीस. इतकं हसलेली मी तुला परत पाहिली नाही. निदान ते हसू माझ्यामुळे आलं होतं, एवढं मी धरून आहे.

दादाच्या लग्नाच्या वेळीही तू ऐकलं नाहीस. पत्रिका जुळल्या, याद्या करायच्या होत्या, आणि तू पाहुण्यांसमोर म्हणालीस, “आधी दोघांचं रक्त तपासा.” मी तुला स्वयंपाकघरात ओढून चिमटा काढला. मुलीचे वडील रागावून चपला घालायला लागले होते. तू बाहेर जाऊन त्यांना म्हणालीस, “काका, मी दिसते का आजारी? नाय ना? मग माझ्याबरोबर एक दिवस दवाखान्यात बसा.” ते बसले. तपासणी झाली. दादात दोष निघाला, सूनबाईत नाही, लग्न झालं, मनमाडला दोन धडधाकट नातवंडं आहेत. चिमटा काढल्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आता बोलते. तुझं बरोबर होतं.

दोन वर्षांपूर्वीची दुपार. आपण मेथी निवडत बसलो होतो. तू मान वर न करता म्हणालीस, “आई, माझ्या जुन्या फायली चाळल्या मी. सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत लोह चढतच गेलंय. औषध वाढवलं तरी चढतंय. मी हातात घेतलं तसं उतरायला लागलं.”

“त्यांचं मशीन खराब असंल.”

“सात वर्षं?”

“मला काय इचारते? मी चौथी पास.”

तू काड्या मोडत राहिलीस. जरा वेळाने म्हणालीस, “मुद्दाम केलंस असं म्हणत नाय मी. कधी विसरली असशील.”

तू माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतंस. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, विसरले. तेही खोटंच झालं असतं, पण निदान पुढचं बोलणं निघालं असतं. मी म्हटलं, “मी काही इसरले नाय.” आणि ताट उचलून आत गेले. माझं ते वाक्य तेवढं खरं होतं. मी विसरले नव्हते.

मेथी तूच निवडून संपवलीस. आपलं ते भांडण झालंच नाही. तू भांडायला हवं होतंस, रूपे. कढईसाठी भांडलीस, चहासाठी भांडलीस, पाहुण्यांसमोर भांडलीस. ज्याच्यासाठी भांडायचं त्याच्यासाठी भांडली नाहीस.

मग यंदा पाय सुजले. जिना चढेनास. डॉक्टरांनी फोटो काढले, म्हणाले, हृदयात लोह बसलंय आणि ते जुनं दिसतंय. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. दादा पलंगाशी उभा होता, सिस्टर उभी होती, शेजारच्या पलंगावरची बाई कान देऊन ऐकत होती. म्हणून मी खोटं बोलले असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते पटत नाही. तिथे कुणी नसतं तरी मी तेच बोलले असते.

पण तू का बोललीस? हे मला कळत नाही आणि आता कळणार नाही. लोकांसमोर आईची लाज राखलीस? की आता सांगून उपयोग नाही म्हणून सोडून दिलंस? तू मला माफ केलंस असं दादा म्हणेल, मी हे त्याला वाचून दाखवलं तर. मी तसं मानणार नाही. जे मागितलंच नाही ते मिळालं कसं म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी तुला शेवटची पिशवी लावली. फार सावकाश, हृदयाला भार नको म्हणून. तू सवयीने तिच्यावरची चिठ्ठी वाचलीस, गट वाचलास, तारीख वाचलीस. म्हणालीस, “ताजं हाय. कालपरवाचंच कोणाचं तरी.” मग चमचाभर वरणभात खाल्लास आणि म्हणालीस, “चहा दे.”

मी थर्मासमधून ओतून दिला. तू माझ्याकडे बघत थांबलीस, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी थर्मासचं झाकण लावत होते. तूच म्हणालीस, “आज रक्त नाय जळत का?”

मी म्हटलं, “पी गुमान.”

ते आपलं शेवटचं बोलणं. तेव्हा दादा खाली औषध आणायला गेला होता, शेजारची बाई झोपली होती. वेळ होता. मला सांगता आलं असतं.

तू गेल्यावर आठवड्याने कागद आणायला मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना म्हटलं, “मी तुमच्याशी खोटं बोलले. सात वर्षं मी औषध दिलं नव्हतं. तिसरा हिस्सा दिलं, त्याहून कमी दिलं.” त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आजी, का?”

मी मोरीचं सांगितलं. मी विचारलं, “त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर वाचली असती?”

“नाही. त्या दिवशी उशीर झाला होता.”

“आणि ती नववीत होती तेव्हा?”

“तेव्हा कळलं असतं तर हृदयाकडे आम्ही लवकर बघितलं असतं, औषध जोरात दिलं असतं. पुढे काय झालं असतं ते मी नाही सांगू शकत.”

बरं झालं, गोड बोलले नाहीत. त्यांनी तुझ्या फाइलमध्ये ते लिहून घेतलं. ‘एक दिवस चुकला नाही’ च्या खाली आता खरं लिहिलेलं आहे, त्याला तुझं ‘हो सर’ लागणार नाही.

दहाव्याला रामकुंडावर दादाने पानाशेजारी कपभर चहा ठेवला. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, तो म्हणाला, राहू द्या. कावळा शिवला की नाही मी पाहिलं नाही, मी पाण्याकडे तोंड करून उभी होते. घरी आल्यावर मी ती कढई भंगारवाल्याला दिली. या वेळी आणायला गेले नाही. त्याने तुला काय मिळणार आहे? काही नाही.

ही पुस्तिका ज्या आईच्या हातात पडेल आणि जिच्या मोरीत लाल पाणी येत असेल, तिने ते येऊ द्यावं. वाकून हात लावून बघावा. ते चिकटत नाही, गोठत नाही, डाग ठेवत नाही. ते रक्त नाही. डॉक्टर तीन वेळा म्हणाले तर तीन वेळा द्यावं. आणि दिलं नसेल तर आजच जाऊन सांगावं, पोरगी ऐकत असली तरी सांगावं, शेजारचा पलंग ऐकत असला तरी सांगावं.

आणि रूपे, तू मेथी निवडताना जे विचारलंस त्याचं उत्तर. विसरले नव्हते. मुद्दाम दिलं नाही. तुझं रक्त वाचवते आहे असं मला वाटलं. मग चुकलं हे कळलं, तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस, आणि मी तुला सांगितलं नाही.

एक दोष अण्णांकडून आला, एक माझ्याकडून. दोन्ही मिळून तुला तीस वर्षं मिळाली. एकेरीवर माणूस जगतो. अण्णा सत्तरीपर्यंत जगले. मी अडुसष्ट वर्षांची आहे, माझा थेंब पाण्यावर तरंगतो, आणि मी जिवंत आहे.